चाळीस सेकंद मागे

रेडिंग, इंग्लंड
रविवार, ८ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, दादाकडून तुमचा निरोप पोचला. "व्हिडिओ कॉलवर तुझ्या आईचं नुसतं कपाळ दिसतं, तेव्हा खुशाली कागदावर कळव." तक्रार रास्त आहे. आई फोन मागे रेलवून धरते, त्यामुळे तुम्हाला खाली कुंकू आणि वर आमचं छत एवढंच दर्शन घडतं. छताला जो पांढरा वाटोळा डबा दिसतो तो पंखा नव्हे. धूर झाला की बोंबलणारा भोंगा आहे तो. आईच्या फोडणीला तो आतापर्यंत दोनदा बोंबलला. आता ती मोहरी टाकायच्या आधी नातवाला टॉवेल घेऊन त्याच्याखाली उभं करते. बाकी गुडघा बरा आहे, भूक चांगली आहे, आणि जूनमध्येही स्वेटर घालावा लागतो याबद्दल ती मला रोज जाब विचारते.

निरोपातली दुसरी तक्रार मात्र गंभीर. शेजारच्या काकू तुमच्याशी बोलेनाशा झाल्या आणि गवारीच्या भाजीची वाटी बंद झाली, हे ऐकून वाईट वाटलं. गुन्हा आईचाच आहे. झालं असं, की तिच्या मालिकेसाठी मी एका ॲपचे पैसे भरले. त्या ॲपवर पैसेवाल्यांना काही मालिकांचा भाग टीव्हीवर लागायच्या आधीच बघायला मिळतो. हे मला ठाऊक नव्हतं. आईनं तिसऱ्या दिवशी शोधून काढलं. आता ती इथे सकाळी सहाला उठते, चहाबरोबर तो भाग बघते, आणि कप विसळायच्या आत काकूंना फोन लावते. तेव्हा तुमच्याकडे सासवडला साडेदहा-अकरा झालेले असतात. काकूंना तोच भाग बघायचा असतो दिवेलागणीला साडेसातला. जन्मभर भिशीत काकूंनी आधी उचल घेतली, त्याचा हिशेब आई आता रोज एक भाग याप्रमाणे चुकता करते आहे.

पण बाबा, राग येणार नसेल तर सांगतो, क्रिकेटच्या बाबतीत तुम्ही आमचं तेच करता.

तुम्ही बघता छतावरच्या छत्रीवर. तो सिग्नल ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जातो, खाली येतो, आणि तरी तुमच्याकडे लवकर पोचतो. आमचं येतं इंटरनेटवरून. त्यात चित्र सलग येत नाही. काही सेकंदांचे तुकडे पाडतात, एकेक तुकडा गाठोड्यासारखा बांधून पाठवतात, आणि आमचा टीव्ही दोन-तीन गाठोडी हाताशी जमल्याशिवाय पहिलं सोडत नाही. मध्ये नेट अडखळलं तर चित्र थांबू नये, म्हणून ही बेगमी. पावसाळ्याआधी आई डाळ-तांदूळ भरून ठेवते ना, तसंच. फक्त या बेगमीपायी आमच्याकडे चेंडू तुमच्यापेक्षा चाळीसेक सेकंद उशिरा पडतो. मी घड्याळ लावून मोजलंय.

चाळीस सेकंद म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही, कारण तुम्ही पुढच्या बाजूला आहात. इकडे गोलंदाज अजून पँटला चेंडू पुसत असतो आणि फोनवर तुमचा निरोप येतो, "गेला!" कोण गेला, कसा गेला, काही नाही. मग आम्ही चौघं त्या फलंदाजाकडे मयताला आल्यासारखे बघत बसतो. तो बिचारा हातमोजे घट्ट करतोय, मैदानावर नजर फिरवतोय, आणि त्याचं भविष्य आम्हाला सासवडहून कळलेलं. नात तर तुम्हाला ज्योतिषीच समजते. परीक्षेच्या निकालाचंही आजोबांना विचारूया म्हणाली.

गेल्या रविवारचं तर तुम्हाला सांगायलाच हवं. मुंबई-पंजाब सामना, पावसानं दोन तासांवर उशीर, तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. म्हटलं, आज तरी बाबा झोपतील. तरी खबरदारी म्हणून मी माझा फोन कणकेच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. मुंबईच्या २०३ धावा झालेल्या, आणि आपल्या मुंबईचाच श्रेयस अय्यर पंजाबकडून आपल्याच मुळावर उठलेला. एकोणिसावं षटक सुरू होणार. सूनबाई सोफ्याच्या कडेवर, नातू सोफ्याच्या पाठीवर.

आणि त्याच क्षणी तुम्ही आईच्या फोनवर कॉल केलात.

आई जिन्यात बसून मालिका बघत होती. कॉल घ्यायच्या घाईत तिचं बोट त्या चौकोनाच्या खुणेवर पडलं, कोपऱ्यात लहरी असतात ती. ती दाबली की हातातल्या फोनवरचं चित्र दिवाणखान्यातल्या टीव्हीवर जातं. आमच्या टीव्हीवरून मैदान नाहीसं झालं, आणि तिथे भरजरी साडी नेसलेली एक बाई आरतीचं ताट घेऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर तीन वेळा तीन बाजूंनी वीज कडाडली. आम्ही ओरडलो. आईला वाटलं, तुमचंच काही बरंवाईट झालं. तीही ओरडली. हा गदारोळ बराच वेळ चालला, आणि शेवटी जिन्यातून तुमचा आवाज खणखणीत आला, "संपलं सगळं! षटकारांवर षटकार मारले त्यानं!"

ती बाई घालवून परत मैदानावर येईपर्यंत खेळाडू एकमेकांच्या हातात हात देत होते. अय्यर ४१ चेंडूंत नाबाद ८७. त्या षटकातला एकही षटकार आम्ही ताजा पाहिला नाही. नंतर ठळक क्षणांमध्ये पाहिले, पण ते म्हणजे लग्नाला न जाता अल्बम चाळणं. सूनबाई म्हणाल्या, "बाबांनी निदान आईंना नको होता फोन करायला." मी माझा फोन डब्यातून काढला. त्यावर तुमचे सात मिस्ड कॉल होते, आणि चार्जिंगच्या भोकात कणीक.

आता तुम्ही म्हणाल, इतकं जिवाला लागतं तर साधा टीव्ही बघा. त्याचीही गंमत आहे. इथे टीव्ही बघायला परवाना लागतो. विमानतळावरून येतानाच मी आईला हे बोलून गेलो. "बंदुकीला लागतो तसा?" तिनं विचारलं. साधारण तसाच. वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स, म्हणजे आपले वीस हजार रुपये, आणि त्यावर मुख्यतः बीबीसी चालते. पोस्टात जाऊन तुम्ही रेडिओचा परवाना काढायचात आणि ते पुस्तक अजून ट्रंकेत जपून ठेवलंय, त्याच जातीची ही गोष्ट. हा दर रंगीत टीव्हीचा. कृष्णधवल टीव्हीचा वेगळा दर अजून आहे, फक्त ५८ पौंड ५० पेन्स! हे ऐकल्यावर आई पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "माळ्यावरचा शटरवाला आणला असता."

बरं, परवाना फक्त टीव्हीच्या खोक्याला असता तरी समजलं असतं. कुठलंही थेट प्रक्षेपण बघायचं असेल, मग ते मोबाईलवर का असेना, परवाना हवा. आधी तयार करून ठेवलेलं ॲपवर हवं तेव्हा बघायचं असेल तर नको. अपवाद बीबीसीच्या ॲपचा, तिथे कशालाही हवाच. आईनं सार काढलं, "म्हणजे ताज्यावर कर आणि शिळ्याला माफी." मी म्हटलं, शिळ्याचेही पैसे पडतात गं, ते निराळ्या खिशातून जातात.

निराळे खिसे किती, हे मी परवा मोजायला बसलो आणि तिसऱ्यावर थांबलो. त्यातल्या एका कंपनीनं दोन वर्षांपूर्वीपासून कडक धोरण धरलंय, की एका वर्गणीवर एकाच घरानं बघायचं. पुण्याला दादा आमच्याच पासवर्डवर बघायचा, तो बंद पडला. मी आईला समजावत होतो की कंपनीच्या लेखी घर म्हणजे एका वायफायवर असलेली माणसं. ती म्हणाली, "मग रेशनकार्डावर नाव कशाला घालतात?" तिच्या हिशेबी एका चुलीवर जेवतात ते एक घर, आणि दादाला तर तिनंच जेवू घातलंय. कंपनीला हे कळवायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

आईला स्वतःचं खातं काढून दिलं होतं, तिच्या फोटोसकट. पण ती घाईत माझ्याच खात्यात शिरते. ॲपला वाटतं, मीच बघतोय. त्यामुळे आता मला लोणच्याचा खार, डोहाळजेवणाचे उखाणे आणि गुडघ्यात कटकट वाजण्यावरचे उपाय सुचवले जातात. मंगळवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी माझा स्क्रीन सगळ्यांना दाखवला, आणि एका तेलाच्या बाटलीशेजारी उघडे गुडघे धरून बसलेले एक वैद्य बारा गोऱ्यांसमोर झळकले. कुणी काही बोललं नाही. इथले लोक अशा वेळी हवामानाबद्दल बोलतात.

आणि ते ॲप तिची चौकशीही करतं. एक भाग संपला की पुढचा आपोआप लागतो. आई तिसऱ्या भागाला घोरायला लागते, मालिका चालूच. मग बऱ्याच वेळानं पडद्यावर प्रश्न येतो, अजून बघताय का? आई जागी झाली की तेवढाच प्रश्न समोर. "इतक्या आपुलकीनं इथे कुणी विचारत नाही," हे तिनं सूनबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

घर आमचं लाल विटांचं, जुनं, भिंती दीड हात जाड. वायफायचा डबा दिवाणखान्यात. त्याची रेंज वरच्या खोल्यांत जाता जाता दमते. नात वर टॅबवर, नातू खाली खेळाच्या यंत्रावर, सूनबाई कानांत ती बोंडं घालून ओट्याशी. मोठा टीव्ही दिवसभर काळा, त्यावर धूळ बसते तेवढीच ठळक दिसते. प्रत्येकाचं हसणं वेगळ्या वेळी येतं. एकदा मी दारातून आत शिरलो तेव्हा वरून एक, खालून एक आणि जिन्यातून एक असे तीन हशे आले, आणि मला आधी वाटलं, माझंच काही चुकलंय.

आई जिन्यात बसते ती रेंजसाठी. तिसऱ्या पायरीवर चित्र लख्ख येतं, पाचवीवर माणसांच्या तोंडाचे चौकोन होतात, सातवीवर नुसतं चक्र फिरतं. परवा तिचं चक्र फिरायला लागलं म्हणून मी डबा उचलून खिडकीत ठेवला, मग कपाटावर, मग बुटांच्या फळीवर. ती वरून ओरडत होती, "आलं! आलं! गेलं! होतं तिथेच ठेव रे!" हात वर करून मी तसाच उभा राहिलो आणि एकदम आपली गच्ची आठवली. तुम्ही पत्र्यावर चढून अँटेनाचं तोंड सिंहगडाच्या टॉवरकडे वळवायचात, मी जिन्याच्या मध्यावर निरोप्या, आई आत पडद्यासमोर. "दिसतंय का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "दोन-दोन माणसं दिसतायत!" तुमच्या हातात पाइप असेपर्यंत चित्र उत्तम, सोडला की गेलं. रामायणाचा एक अख्खा भाग तुम्ही पत्र्यावर उन्हात पाइप धरून उभ्यानं ऐकलात. हे मी इथे मुलांना सांगितलं तर नातवानं विचारलं, "मग आजोबांनी नंतर का नाही बघितला?"

नंतर! १९८७ साली नंतर म्हणजे काय असतं? ओसरीवर आळीतली पंचवीस-तीस माणसं, चपलांचा ढीग, आईनं टीव्हीला घातलेला झेंडूचा हार. रावण मरणार हे त्यातल्या प्रत्येकाला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं, पण कुणी कुणाच्या आधी बघितलं नव्हतं. काकूही तिथेच बसायच्या, आईच्या मांडीला मांडी लावून.

तर काकूंचं बघतो. आईला मी सांगितलंय, की फोन करायचा तर टीव्हीवर भाग लागून गेल्यावर, म्हणजे इथल्या दुपारी साडेतीननंतर. तिनं मान डोलावली. काल पाळलं. आज सकाळी काकूंनीच मिस्ड कॉल दिला. आधी कळलेलं कुणाला आवडत नाही, आणि आधी विचारल्याशिवायही राहवत नाही, असं दिसतंय. गवारीची वाटी सुरू झाली का, ते कळवा.

सीताफळाच्या बागेपायी तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल सूनबाई अजून रुसल्या आहेत. पहिला बार उतरला की या, असं आई म्हणते आहे. पाऊस झाला का? पोरांचा नमस्कार.

तुमचा,
बापू

ता. क. पत्र पाकिटात घालताना आईनं थांबवलं. २२ तारखेच्या रविवारी माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला येते. करोनाची दोन वर्षं सोडली, तर लग्न झाल्यापासून यंदा पहिल्यांदाच ती घाटात नसेल. वाहिन्या दाखवतात, ते तिला नको. हेलिकॉप्टरातून माणसं मुंगीएवढी दिसतात म्हणे. तुम्ही नेहमीच्या वळणावर, त्या टपरीपाशी उभे राहा आणि तिथून तिला कॉल करा. घाटात लाखभर फोन एका टॉवरला लोंबकळतात, त्यामुळे लागायचा नाही. लागेपर्यंत करा. आणि फोन आडवा धरा. स्वतःकडे नको, रथाकडे. तुमचं कपाळ तिनं पाहिलेलं आहे.