सागवानामागचा अॅम्प्लिफायर

पुण्यात अॅम्प्लिफायर घ्यायचा तो रिमोटवाला, आणि ठेवायचा सागवानी शोकेसमध्ये, दार लावून. धूळ बसते ना! इन्फ्रारेड किरण सागवानातून आरपार जात नाहीत, हे भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनाही सुताराचं बिल चुकतं केल्यावरच आठवतं.

दाराला काच बसवणं हा सोपा उपाय, म्हणूनच तो बाद. स्वारी निघते तपकीर गल्लीत. तिथे तीन पायांचा, वाटाण्याएवढा रिसीव्हर दोन-चार चहांच्या पैशांत मिळतो. तो दाराबाहेर डकवायचा आणि तारा थेट अॅम्प्लिफायरच्या पोटात, मूळ रिसीव्हरच्या जागी जोडायच्या. पाच व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल, संपलं. रिमोटचा दिवा सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकतो, ती लुकलुक गाळून नुसता हुकूम आत पोचवणं एवढंच त्या वाटाण्याचं काम. फक्त या रिसीव्हरच्या टीएसओपी 1738 या मॉडेलमध्ये सिग्नलचा पाय शेवटी असतो आणि टीएसओपी 38238 मध्ये पहिला. डेटाशीटमध्ये हे स्वच्छ छापलेलं असतं. पण इथे वाचायचं ते दुसऱ्याची चूक काढण्यासाठी.

वॉरंटीचं सील तुटल्यावर शेजारचे काका येतात, यंत्र फिरवतात आणि पाठीमागचं ‘रिमोट इन’ हे छिद्र दाखवतात. बऱ्याच मॉडेलना ते असतं. काकांना हे आधीच ठाऊक होतं. विचारलं कुणी नव्हतं.

असो. आता सोफ्यावरून आवाज कमी-जास्त होतो. भीमसेनांची तबकडी उलटायला मात्र उठून दार उघडावं लागतं.