डिपॉझिट घालवणारे लॉर्डसाहेब

आपल्याकडे माणूस निवडणुकीला तीन कारणांनी उभा राहतो. एक निवडून यायला, दुसरा कुणाला तरी पाडायला आणि तिसरा अर्ज मागे घ्यायच्या दिवशी योग्य तो मानपान घेऊन खाली बसायला. ब्रिटनमधल्या डेव्हिड सच नावाच्या गृहस्थांना यातलं एकही कारण लागू पडत नव्हतं. १९६३ पासून पुढची चौतीस वर्षं ते संसदेच्या निवडणुका लढवत राहिले. चाळिसेक वेळा उभे राहिले, तितक्याच वेळा पडले, दर वेळी डिपॉझिट घालवलं, आणि पुढची पोटनिवडणूक लागली की पुन्हा टोपी चढवून हजर.

टोपी म्हणजे जादूगाराची असते तशी काळी उंच हॅट. खाली झगमगता सोनेरी कोट, नाहीतर बिबट्याच्या ठिपक्यांचं जाकीट. छातीवर पुरणपोळीएवढा फितीचा बिल्ला आणि हातात भोंगा. नाव लावायचे 'स्क्रीमिंग लॉर्ड सच', म्हणजे किंचाळणारे लॉर्ड सच. यातलं किंचाळणं तेवढं अस्सल होतं. लॉर्डपणा त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केला होता. वडील पोलिसात होते, ते १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत गेले तेव्हा हा मुलगा वर्षाचाही नव्हता. आईने लोकांच्या घरची साफसफाई करून त्याला वाढवलं. मोठा होऊन तो रॉक गायक झाला. कार्यक्रमाची सुरुवात ठरलेली: रंगमंचावर शवपेटी यायची, झाकण उघडायचं आणि लॉर्डसाहेब किंचाळत बाहेर उडी मारायचे. मेलेल्या अवस्थेतून उठून भाषण करण्याचा सराव राजकारणात शिरण्याआधीच झालेला होता.

पहिली निवडणूकही त्यांनी साधीसुधी निवडली नाही. १९६३ मध्ये युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो यांचं भानगडीचं प्रकरण उघडकीला आलं. संसदेत आपण खोटं बोललो हे कबूल करून त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डमध्ये पोटनिवडणूक लागली. बावीस वर्षांचे सच 'नॅशनल टीनेज पार्टी'तर्फे उभे राहिले. पक्ष पोरासोरांचा, आणि त्या वेळी मताचा अधिकार होता एकविसाव्या वर्षापासून! म्हणजे ज्यांच्यासाठी पक्ष काढला, त्यांतल्या एकालाही मत देता येत नव्हतं. तरीही २०९ मतं पडली. मागणी होती अठराव्या वर्षी मताधिकाराची. मोठ्या पक्षांनी ती हसण्यावारी नेली, आणि १९६९ मध्ये कायदा करून टाकला. तो करणाऱ्या सरकारचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन. १९६६ मध्ये याच विल्सन यांच्याविरुद्ध त्यांच्या मतदारसंघात सच उभे राहिले होते आणि ५८५ मतं घेऊन आडवे झाले होते. आपल्याकडे एकविसाचं अठरा व्हायला १९८९ उजाडलं.

हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण १९६४ मध्ये लॉर्डसाहेबांनी टेम्स नदीच्या मुखाशी, महायुद्धातल्या एका बेवारस समुद्री किल्ल्यावर स्वतःचं रेडिओ केंद्र थाटलं. ते बेकायदाच होतं, कारण देशात रेडिओ म्हणजे बीबीसी. पुढे १९७३ मध्ये खासगी व्यापारी रेडिओ कायदेशीरपणे सुरू झाला. पब दिवसभर उघडे असावेत हीही त्यांची जुनी मागणी. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला होता. युद्ध संपून सत्तर वर्षं होत आली तरी दुपारची कुलपं कायम होती. ती १९८८ मध्ये निघाली. निघाली ती मार्गारेट थॅचर यांच्या राज्यात, आणि १९८३ मध्ये थॅचरबाईंच्या मतदारसंघातही लॉर्डसाहेब उभे राहून २३५ मतं मिळवून आले होते.

सगळ्याच मागण्या अशा मार्गी लागल्या नाहीत. युरोपात तेव्हा सरकारी अनुदानामुळे गोदामांत लोण्याचे ढीग साठले होते, त्याला लोक 'लोण्याचा डोंगर' म्हणत. सच यांचं म्हणणं, डोंगर आहेच तर त्यावर बर्फासारखी घसरगुंडी सुरू करा. मक्तेदारीवर नजर ठेवणारा सरकारी आयोग एकच कसा, हा त्यांचा प्रश्न तर अजूनही अनुत्तरित आहे. आपल्याकडेही तो आयोग एकच होता, पण हे विचारायला इथे कुणी सोनेरी कोट घालून आलं नाही.

१९८३ मध्ये लंडनच्या बर्मंडसी पोटनिवडणुकीत त्यांचा नवा पक्ष अवतरला: 'ऑफिशियल मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी'. मराठीत सांगायचं तर अधिकृत महाभयंकर ठार वेड्यांचा पक्ष. यातला 'अधिकृत' हा शब्द महत्त्वाचा. बाजारात वेडे पुष्कळ असतात. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी ज्या कारणाने लागते, त्याच कारणाने तो आला असावा. मतं पडली ९७.

आता हे सगळं चालायचं कशावर, तर डिपॉझिटवर. ब्रिटनने १९१८ मध्ये उमेदवाराकडून १५० पौंड अनामत घ्यायला सुरुवात केली. एकूण मतांचा आठवा हिस्सा मिळाला नाही तर रक्कम जप्त. १९१८ मध्ये एवढ्या पैशांत माणसाची झोप उडत असे. पण रक्कम तीच राहिली आणि महागाई वाढत गेली, तेव्हा पन्नासेक वर्षांनी वेडेपणा परवडू लागला. १५० पौंडात उमेदवाराला काय मिळायचं पाहा. मध्यरात्रीनंतर एखाद्या क्रीडासंकुलात निकाल जाहीर होतो. सगळ्या उमेदवारांना मंचावर एका रांगेत उभं करतात. निवडणूक अधिकारी आडनावांच्या अकारविल्हे एकेकाचं संपूर्ण नाव आणि मतं वाचतो, तीही पंतप्रधानाला वाचतो त्याच कोरड्या आवाजात. समोर टीव्हीचे कॅमेरे. करड्या सुटांच्या त्या रांगेत एकच सोनेरी कोट असला, तर घरी बसलेला माणूस कुणाकडे बघेल?

१९८५ मध्ये सरकारने असल्या हौशी मंडळींना आवरायला डिपॉझिट ५०० पौंड केलं. ते वाचवायची अट मात्र पाच टक्के मतांवर आणली. लॉर्डसाहेबांना काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम करायचे, पैसे जमवायचे आणि नेऊन सरकारजमा करायचे.

हा इलाज आपणही केला. लोकसभेचं डिपॉझिट १९५१ पासून ५०० रुपयांवर बसून होतं. १९९६ मध्ये सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने बेळगावात माणसं उभी करायचा सपाटा लावला, आणि एका जागेला ४५६ उमेदवार झाले. तिकडे तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने हाडं वाकलेल्या भागातून ४८० जण उभे राहिले. मतपत्रिकेची चोपडी झाली. त्याच वर्षी डिपॉझिट १०,००० वर गेलं, आता ते २५,००० आहे. तरी बरेलीच्या कापडदुकानातले काका जोगिंदरसिंग 'धरतीपकड' यांनी कधी तक्रार केली नाही. जप्त झालेलं डिपॉझिट म्हणजे देशाच्या तिजोरीला आपली देणगी, असं ते मानत. १९९२ मध्ये राष्ट्रपतिपदालाही उभे राहून त्यांनी १,१३५ मतं मिळवली.

लॉर्डसाहेबांच्या हातून मात्र एकदा खरोखरच एक पक्ष संपला. सोशल डेमोक्रॅटिक पार्टी १९८१ मध्ये निघाली तेव्हा देशाचं राजकारण बदलणार म्हणून गाजली होती. चार माजी मंत्र्यांनी मजूर पक्ष सोडून ती काढली होती. पुढे बहुतेक जण लिबरल पक्षाबरोबर एकत्र आले. माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांनी उरलेल्यांना घेऊन पाटी तेवढी लावून ठेवली. मे १९९० मध्ये बूटल इथे पोटनिवडणूक झाली. ओवेन यांच्या उमेदवाराला १५५ मतं. ठार वेड्यांच्या पक्षाला ४१८. दहा-बारा दिवसांत ओवेन यांनी पक्ष गुंडाळला. प्रतिस्पर्ध्यांकडून हरणं राजकारणात सोसता येतं, पण या सोनेरी कोटाच्या खालचा नंबर सोसवला नाही.

आपले मोठे पुढारी धोका नको म्हणून दोन ठिकाणी अर्ज भरतात. लॉर्डसाहेबांनी १९९२ मध्ये तीन ठिकाणी भरला: पंतप्रधान मेजर, मजूर पक्षाचे किनॉक आणि लिबरल डेमोक्रॅट्सचे अ‍ॅशडाउन या तिन्ही पक्षप्रमुखांविरुद्ध. मतं ७२८, ५४७ आणि ३३८. तिन्ही डिपॉझिटं गेली. १९९४ मध्ये रॉदरहॅमला मात्र प्रसंग बाका आला. मतं पडली १,११४, म्हणजे चार टक्क्यांच्याही वर. पाच टक्के झाले असते तर डिपॉझिट वाचून तीस वर्षांच्या कीर्तीवर पाणी पडलं असतं.

कोटाच्या आतला माणूस फार पूर्वीपासून नैराश्याशी झुंजत होता. १९९७ मध्ये आई गेली आणि तो एकटा पडला. जून १९९९ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी.

पक्षाला नवा अध्यक्ष हवा होता. 'हाउलिंग लॉड होप', म्हणजे ओरडणारे होप, हे पक्षातले जुने. १९८७ मध्ये डेव्हन परगण्यातल्या अ‍ॅशबर्टनच्या नगर परिषदेवर ते बिनविरोध निवडून आले होते, कारण समोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. अध्यक्षपदाला मात्र चुरस झाली. सभासदांची मतं होप आणि त्यांचा बोका कॅटमँडू यांच्यात समसमान पडली, तेव्हा दोघांनी मिळून कारभार पाहायचं ठरलं. २००२ मध्ये गाडीखाली सापडून जाईपर्यंत बोक्याने ही जबाबदारी सांभाळली. त्याच्या कारकिर्दीत २००१ ची सार्वत्रिक निवडणूक आली. पक्षाने ठिकठिकाणी उमेदवार दिले, आणि एकाचंही डिपॉझिट वाचू दिलं नाही.