लाडू पोचले, खाणारा भलताच

ती. बाबा व ती. सौ. आई यांस लेस्टरहून तुमच्या धाकट्याचा शि. सा. न. वि. वि. कुकर होईपर्यंत जमेल तेवढं लिहायचं, असं ठरलंय.

लाडू पोचले. पण त्यातले चार पिंट्याने लांबवले. पिंट्या मजेत, शेपूट जोरात. सूनबाई मात्र डबा पाहून पांढरी पडली, कारण आत तासगावचे बेदाणे! द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले की धोका, याचा नेम नाही, आणि त्रास दिसेपर्यंत एक-दोन दिवस उलटतात. त्यामुळे “खेळतोय ना? मग सकाळी बघा” हा बाबांचा फोनवरचा हुकूम नामंजूर झाला. मागे पिंट्या लंगडत होता, पण पाय टेकत होता, जेवत होता. तेव्हा सकाळपर्यंत थांबणं ठीक होतं. हिरड्या पांढुरक्या पडल्या, पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या आल्या किंवा बोक्याची लघवी अडली, की मात्र घड्याळ बघायचं नसतं.

आत्याचा मिठाच्या पाण्याचा उपायही बाद. मिठानेच विषबाधा होते. ओकारी डॉक्टर सुई देऊन काढतात, तीही पहिल्या दोनेक तासांत काढली तर खरा फायदा.

दवाखान्यातून फोनवर पहिला प्रश्न : बेदाणे किती? आईला विचारलं, तर “मी काय मोजून घालते?” वर चिडली ती वेगळीच.

आता दर. इथे माणसांना सरकारी दवाखाना फुकट, कुत्र्याला नाही. संध्याकाळनंतर नुसत्या तपासणीचे अडीचशे पौंड! सुई, सलाईन, रक्ततपासणी वेगळी. विमा आहे, पण त्यातले पहिले शंभर पौंड आपलेच. बाबांनी लगेच गुणाकार करून “दोन शेळ्या आल्या असत्या” असं कळवलं. शेळ्यांना लेस्टरात गोठा कुठून आणायचा, ते कळवलं नाही.

रक्ततपासणी चांगली आली, पिंट्या घरी आहे. उरलेले लाडू वरच्या खणात. रोज एकच निघतो, दोघांत अर्धा-अर्धा. झाकण उघडलं की घरच्या तुपाचा वास येतो आणि सूनबाई उगीच कांदा चिरायला घेते.

नानांनी पुन्हा कुंपण सरकवलं म्हणे! बाबांनी भांडू नये, मोजणी मागवावी. सूनबाई विचारतेय, वन्सं स्कूटर शिकल्या, हे खरं की काकूंची थाप? बंड्याच्या लग्नाची तारीख मात्र पक्की करून लवकर कळवा. तिकिटं महागताहेत आणि पिंट्याला ठेवायची जागा इथे महिनाभर आधी सांगून ठेवावी लागते.