मालकी तुमची, पास त्यांचा

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या आदिवासी गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. विकायचा म्हटला तर वाहतूक पास मात्र वनखात्याचा! पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला 2011चा एप्रिल उजाडला.

चंद्रपूरच्या मोबाइलवीरांना हे ऐकून हसू येतं. त्यांनी रोख मोजून फोन घेतलेला असतो ना! फोन त्यांचा, आतलं सॉफ्टवेअर मात्र कंपनीच्या परवान्यावर. बॅटरी चौकातल्या दुकानात बदलली, की काही फोन लगेच कुरकुरतात: सुटा भाग अनोळखी आहे.

मेंढ्यात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतो. एकालाही पटलं नाही, तर चर्चा पुन्हा सुरू. आमचे वीर टॉर्चचं ॲप घेतात, ते संपर्कयादी मागतं, आणि हे वीर न वाचताच 'सहमत' दाबून मोकळे. 2023चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, संमती समजून-उमजून दिलेली हवी. बिचारा कायदा!

आदिवासींना डिजिटल साक्षर करायला निघालेल्यांनी जीप धानोऱ्याकडे जरूर न्यावी. फक्त मेंढ्यात पोचल्यावर विद्यार्थ्यांच्या रांगेत बसावं.