विश्वाचं ऑडिट

तपासनीस : नेहमीचं द्रव्य ५ टक्के. ठीक. कृष्णद्रव्य २७, कृष्णऊर्जा ६८. पावत्या?

खगोलज्ञ : नाहीत.

तपासनीस : ९५ टक्के 'इतर'? सर, सोसायटीचा खजिनदारसुद्धा एवढं धाडस करत नाही!

खगोलज्ञ : साहेब, सूर्यमालेत बुध पळतो, नेपच्यून रेंगाळतो. लांब गेलं की ओढ कमी. पण १९७०मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिका मोजली, तर काठाकडचा वायूही सेकंदाला दोनशे किलोमीटरहून जास्त वेगात! दिसणाऱ्या ताऱ्यांना तो आवरणारच नाही.

तपासनीस : पगार तीस हजार, दारात दोन मोटारी. बेहिशेबी मालमत्ता!

खगोलज्ञ : तेच कृष्णद्रव्य.

तपासनीस : आणि कृष्णऊर्जा?

खगोलज्ञ : विश्वाचं प्रसरण मंदावत असणार, असं सगळे धरून चालले होते. १९९८मध्ये दोन गटांनी लांबचे अतिनवतारे तपासले, तर वेग उलट वाढतोय. २०११चं नोबेल त्यालाच.

तपासनीस : ताळेबंद जुळेना म्हणून बक्षीस? आमच्याकडे नोटीस येते. बरं, दोन्ही खाती 'कृष्ण' नावानं. मालक एकच का?

खगोलज्ञ : छे! पहिलं ओढतं, दुसरी ढकलते. फक्त...

तपासनीस : (पेनाचं टोपण काढत) फक्त?

खगोलज्ञ : १९८३मध्ये मिलग्रॉम नावाचे शास्त्रज्ञ म्हणाले, कृष्णद्रव्य-बिव्य काही नाही, एका ठरावीक त्वरणाखाली गुरुत्वाचा नियमच बदलतो. गंमत अशी, की प्रकाशाच्या वेगाला प्रसरणाच्या दरानं गुणून सहानं भागलं, की जवळपास तेच त्वरण येतं.

तपासनीस : दीर्घिकेच्या वहीतला आकडा प्रसरणाच्या वहीत? पण सहानंच का भागायचं?

खगोलज्ञ : भागलं की जुळतं.

तपासनीस : शिकलात कुठं, आमच्याकडेच ना? मग मिलग्रॉम पास?

खगोलज्ञ : दीर्घिकांत झकास. दीर्घिकांच्या समूहात मात्र त्यांनाही थोडा बेहिशेबी माल लागतोच.

तपासनीस : पूर्वी झालंय असं काही?

खगोलज्ञ : युरेनस वाट चुकत होता. ल व्हेरिए नावाचे खगोलज्ञ म्हणाले, पलीकडे कुणीतरी आहे. १८४६मध्ये नेपच्यून सापडला. बुध चुकला, तेव्हाही ते तेच म्हणाले. या खेपेला ग्रह सापडलाच नाही. १९१५मध्ये आइन्स्टाइननं नियमच बदलला.

तपासनीस : म्हणजे एकदा चोर सापडला, एकदा कायदाच चुकीचा निघाला. आता शेरा काय मारू?

खगोलज्ञ : 'तपास चालू आहे.'

चहावाला : (डोकावत) चार कटिंग, दोन वडापाव. पावती फाडू?

तपासनीस : पावती कसली रे? 'इतर'मध्ये जाईल.