चिमणीवाले काका

पावसाळी वाऱ्यात मोटारसायकल चालवणाऱ्यांच्या प्रत्येक टोळक्यात एक सल्लागार असतोच, आणि साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर जाणाऱ्या टोळक्यात तर तो पठार येण्याआधीच, चहाच्या टपरीवर, प्रवचनास आरंभ करतो. वय पन्नाशीपुढचे, जाकिटाला गरजेपेक्षा अधिक चेनी आणि संबोधन सर्वमान्य : ‘काका’. जेथे पवनचक्क्या उभारल्या आहेत तेथे वारा असणार, हे कोणालाही सांगावे लागत नाही. काका ते सर्वांना सांगतात.

काकांच्या शास्त्राचे पहिले सूत्र असे की, हँडल म्हणजे मुठीतली जिवंत चिमणी : आवळली तर मरते, सोडली तर उडते. सूत्र खोटे नाही. आडव्या वाऱ्यात, म्हणजे प्रवासाच्या दिशेला छेद देत कुशीवर येणाऱ्या वाऱ्यात, हँडल आवळून धरणाऱ्याच्या अंगाचा प्रत्येक हिसका पुढच्या चाकापर्यंत पोहोचतो; म्हणून पकड सैल, कोपरे किंचित वाकलेली आणि गुडघे टाकीला घट्ट टेकलेले असावेत, हे रास्तच आहे. अडचण एवढीच की, काका चिमणीला हँडलपुरते ठेवत नाहीत. चहाचा पेला ते चिमणीसारखा धरतात, त्यामुळे तो सांडतो. हस्तांदोलन चिमणीसारखे करतात, त्यामुळे आपल्या हाती काही आले की नाही, असा संशय समोरच्याला येतो. आणि भाचीच्या लग्नात त्यांनी अंतरपाटही चिमणीसारखाच धरल्यामुळे तो तिसऱ्या मंगलाष्टकालाच निसटून वधूवरांची दृष्टभेट मुहूर्तापूर्वी उरकली.

दुसरे सूत्र वर्गाचे : वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ३० किलोमीटरचा वारा ६० झाला की धक्का दुप्पट नव्हे, चौपट बसतो. तिसरे सूत्र ऐकणाऱ्यांना उफराटे वाटते : वारा उजवीकडून असेल तर हँडलची उजवी मूठ हलकेच पुढे ढकलावी. तसे केल्याने पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते, गाडी उजवीकडे, म्हणजे वाऱ्याच्या अंगाला कलते आणि तो कल वाऱ्याच्या रेट्याला तोलून धरतो. ‘हळूच ढकल रे, चिमणी आहे ती!’ हा इशारा येथेही सुटत नाही.

खरी परीक्षा एस.टी. घेते. पावसाळ्यात पश्चिमेच्या वाऱ्यात दक्षिणेकडे जाणारा चालक उजवीकडे कललेला असतो. समोरून आलेली बस शेजारून जाताना क्षणभर वाऱ्याला आडोसा होते, तोलून धरणारा रेटा एकाएकी नाहीसा होतो आणि गाडी बसकडेच ओढ घेते. बस सरताच वारा पुन्हा कुशीवर आदळतो. म्हणून बस येण्याआधीच वेग कमी करून डावीकडे सरकावे, असे काकांचे व्याख्यान सांगते. प्रत्यक्ष त्या क्षणी मात्र त्यांच्या मुठीत चिमणी असतीच, तर तिच्या जगण्याची आशा ठेवण्याचे कारण नव्हते.

तथापि परतीच्या वाटेवर तोच वारा डावीकडून येऊन गाडीला समोरच्या वाहतुकीत लोटू लागतो, तेव्हा सर्वांत मागे, सर्वांत सावकाश चालणारे काकाच असतात. कोणाचा रेनकोट शिडासारखा फुगला तर ते थांबवून तो बांधून देतात. वारा फार झाला तर आडोशाला सगळ्यांच्या गाड्या लावून घेतात आणि ‘काका घाबरले’ हे तरुणांचे हसणे निमूटपणे पत्करतात. त्या टोळक्यात हसणारे अनेक असतात. ‘आता पुढे जायचे नाही’ असे म्हणणारा एकच असतो. पावसाळ्यात पठारावर जाणाऱ्या प्रत्येक टोळक्याने असे एक काका अवश्य सोबत न्यावेत. अंतरपाट तेवढा त्यांच्या हाती देऊ नये.