क्रँक सेन्सरविरुद्ध तक्रार

जी वस्तू रीतसर बिघडते तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फ्यूज उडतो, बेल्ट तुटतो, पेट्रोलचा पंप एकदाचा गप्प होतो. माणूस नवीन आणतो, बसवतो आणि जेवायला जातो. माझी तक्रार आहे ती क्रँक सेन्सरविरुद्ध. हा मरत नाही. अधूनमधून मेल्यासारखं करतो, आणि कुणी नाडी बघायला आलं की उठून बसतो.

गाडी १९९८ सालची जिप्सी किंग, १२९८ सीसी, मुळात कार्बुरेटर आणि डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, असलेली. दोन्ही काढून तिला इंजेक्टर आणि बाहेरून आणलेला इंजिन कॉम्प्युटर बसवला आहे. कशासाठी, हा प्रश्न घरात पुरेसा विचारून झालेला असल्यामुळे इथे पुन्हा घेत नाही.

या कॉम्प्युटरला एकच गोष्ट सतत कळावी लागते: क्रँक या क्षणाला कुठे आहे. त्यासाठी क्रँक पुलीवर दातांची एक चकती बसवतात. ३६ दातांची जागा, म्हणजे दर १० अंशांना एक दात, आणि त्यातला एक दात मुद्दाम गायब. दात पुढून गेला की सेन्सर एक ठोका देतो; रिकामी जागा आली की कॉम्प्युटरला समजतं की फेरा इथून सुरू. योजना साधी आहे. ती कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, मिलिंग मशीनवर बसलेल्या माणसाला समजावून सांगणं तेवढं साधं नाही. त्याने ड्रॉइंग दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, ह्यात एक दात ऱ्हायलाय." मी म्हटलं, राहिलेला नाही, नकोच आहे. तो माझ्याकडे पाहून समजूतदारपणे हसला आणि संध्याकाळी ३६ च्या ३६ दात पाडलेली देखणी चकती हातात ठेवली. एक दात कापून टाका म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. दात कापण्याचे पैसे त्याने वेगळे लावले आणि जाताना बजावलं, हे काम आमच्याकडनं करून घेतलंय म्हणून कुठं सांगू नका. म्हणून सांगत नाही.

सेन्सर भंगारातल्या एका गाडीचा. आत एक चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं, बस्स. बॅटरीचा पुरवठा त्याला लागत नाही. लोखंडी दात समोरून सरकला की तो स्वतःच वीज तयार करतो: सेल्फ मारताना जेमतेम, आणि इंजिन ६,००० फेऱ्यांवर ओरडत असताना भरपूर. त्या वेगाला सेकंदाला ३,५०० दात त्याच्यासमोरून जातात. त्यातले चार-दोन हुकले तर काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. कॉम्प्युटरला तसं वाटत नाही. एक दात हुकला की क्रँक कुठे आहे यावरचा त्याचा विश्वासच उडतो. मग तो ठिणगी बंद करतो, पेट्रोल बंद करतो, आणि पडद्यावर 'सिंक लॉस'चा आकडा एकाने वाढवतो.

या आकड्याबद्दल माझी स्वतंत्र पोटतक्रार आहे. काय चुकलं असं विचारलं की हा कॉम्प्युटर किती वेळा चुकलं ते सांगतो. कारण सांगणं त्याच्या कामात बसत नाही.

गाडी बंद पडायची ती पन्हाळ्याच्या रस्त्यावर, वाघबीळ मागे टाकून चढ लागला की. इंजिन चांगलं तापलेलं, दुसरा गिअर, पाय खाली, आणि अचानक एक गचका, सायलेन्सरमधून एक फटाका, मग शांतता. वार रविवार. पन्हाळ्याला झुणका-भाकरी खायला निघालेली निम्मी कोल्हापूरनगरी बाजूने चाललेली, आणि त्यातल्या प्रत्येकाला गाडीतलं कळतं. बुलेटवरून एक जण थांबला. "पेट्रोल हाय न्हवं?" आहे म्हटलं. "बघितलासा काय?" त्याच्या समाधानासाठी बघितलं. पाठोपाठ आलेले काका खिडकीतूनच म्हणाले, "अर्थिंग बघा."

'अर्थिंग बघा' हा सल्ला देणाऱ्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटतो. ते कधीच चुकत नाहीत. अर्थिंग पाहिलं आणि गाडी सुरू झाली तर ते बरोबर असतात. नाही झाली तर तुम्ही नीट पाहिलेलं नसतं. काकांनंतर आमच्या वायरिंगवाल्या मिस्त्रींनीही तेच सांगितलं, शेजाऱ्यांनी तेच सांगितलं, आणि कॉम्प्युटरच्या पुस्तिकेतही तेच होतं, फक्त तक्त्यात. मी अर्थिंग पाहिलं. इंजिनापासून चासीला, चासीपासून बॅटरीला जाड नवी वायर टाकली. खालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. सेन्सरची वायर शिल्डवाली घेतली आणि ते शिल्ड फक्त कॉम्प्युटरच्या टोकाला जोडलं, कारण दोन्ही टोकांना जोडलं तर इग्निशनचा गोंगाट अडवायच्या ऐवजी त्याला फिरायला रस्ता मिळतो. आता माझ्या जिप्सीचं अर्थिंग असं आहे की सबस्टेशनच्या माणसांनी सहल काढून पाहायला यावं. वाघबीळनंतर ती तशीच बंद पडली.

मग दोन वायरींचा प्रश्न. सेन्सरच्या दोन वायरी कॉम्प्युटरला उलटसुलट जोडून चालत नाहीत. सेन्सरच्या लाटेत दात बरोबर समोर असताना व्होल्टेज झपकन शून्यातून पार होतं. तो क्षण कॉम्प्युटरने पकडायचा असतो. वायरी उलट्या झाल्या तर तो दोन दातांच्या मधली, सावकाश उतरणारी बाजू पकडतो, आणि टायमिंग वेगाबरोबर सरकत राहतं. पुस्तिका म्हणते, प्लसची वायर प्लसला जोडा. सेन्सरच्या दोन्ही वायरी काळ्या आहेत. कारखान्यात एखाद्या माणसाने दोन्ही काळ्या वायरींचे गुंडे शेजारी शेजारी पाहिले असतील आणि त्याला काहीच खटकलं नसेल, याचा मी अनेकदा शांतपणे विचार केला आहे.

ती बाजूही टायमिंग लाइट लावून तपासली. ठिणगी १० अंशांवर अडकवून ठेवली, आणि पुलीवरची खूण रेस दिल्यावरही जागची हलली नाही. वायरी बरोबर. सेन्सर आणि दातांमधली फट फिलर गेजने मोजली, ती बरोबर. चकती डुगडुगत नाही. मल्टिमीटरवर सेन्सरचा रोध ८५० ओहम, जसा असायला हवा तसा. सेल्फ मारून व्होल्ट पाहिले, तेही हजर. सगळं बरोबर असलेली गाडी बंद का पडते, हा प्रश्न मग मला लोक संशयाने विचारू लागले, जणू मीच काही लपवत होतो.

शेवटी कॉम्प्युटरमधली ठोक्यांची नोंद लॅपटॉपवर घेत चढ चढलो. लॅपटॉप मांडीवर ठेवून गाडी चालवता येत नाही, म्हणून मेव्हण्याला शेजारी बसवलं. दुपारच्या उन्हात लॅपटॉपच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही, त्यामुळे त्याने डोक्यावर टॉवेल घेतला. रणरणत्या उन्हात टॉवेलखाली बसून लॅपटॉपमध्ये पाहणारा माणूस जिप्सीतून नेताना रस्त्यावरच्या कुणीही अर्थिंगचा सल्ला दिला नाही, एवढी त्या उपायाची जमेची बाजू.

नोंदीत जे दिसलं ते आधीच कुणी सांगायला हवं होतं. इग्निशनचा गोंगाट शिरत असेल तर कॉम्प्युटरला जास्तीचे दात दिसतात. इथे दात कमी दिसत होते. सलग ठोके, ठोके, मग काहीच नाही, मग पुन्हा ठोके. म्हणजे बाहेरून कुणी ओरडत नव्हतं. बोलणाराच मधेच तोंड मिटत होता. जगभरचे लोक अर्थिंग सांगतात ते जास्तीच्या दातांसाठी. कमी दातांबद्दल त्यांना काही म्हणायचं नसतं, पण तेवढा फरक करायची कुणाला सवड नसते.

सेन्सर काढून टेबलावर घेतला, मल्टिमीटर लावला आणि मुलीच्या हेअर ड्रायरने तापवायला लागलो. ८५०. आणखी तापवला. तापलेलं तांबं वाढवतं तेवढा रोध थोडा वाढला, बाकी स्थिर. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारली आणि मीटरवर 'ओएल' आलं. तार तुटलेली. दुसरी टिचकी, पुन्हा आकडा. वेटोळ्यातल्या तारेला आत कुठेतरी चीर होती. तापून आणि हादरे बसून ती उघडायची, इंजिन थांबलं की टोकाला टोक लागून मिटायची. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून मीटर लावीपर्यंत हा गृहस्थ पूर्ण निरोगी. मुलीने हेअर ड्रायर ग्रीसच्या बोटांसकट परत घेतला नाही; नवा आणावा लागला. तो सेन्सरपेक्षा महाग होता.

आता दुकान. काउंटरवरच्या तरुणाने विचारलं, "गाडी कोणती?"

जिप्सी म्हटलं. त्याने संगणकात पाहिलं. "जिप्सीला क्रँक सेन्सर येत नाही." बरोबरच आहे, कार्बुरेटरवाल्या जिप्सीला तो येत नाहीच. मी म्हटलं, सेन्सर दुसऱ्या गाडीचा आहे, बसवला जिप्सीला आहे. "मग ती दुसरी गाडी कोणती?" ती भंगारात गेली. जुना सेन्सर दाखवला. त्याने तो हातात फिरवला, आत जाऊन अगदी तसाच आणून ठेवला, दोन्ही वायरी काळ्या. चालू निघेल ना, असं विचारल्यावर त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नाही, माल परत घेतला जाणार नाही. मी दोन घेतले.

इन्शुरन्सच्या फायलीसाठी पक्कं बिल मागितल्यावर अडचण झाली. त्याच्या संगणकात आधी गाडी निवडावी लागते, मग त्या गाडीचा पार्ट. आणि जिप्सीसमोर क्रँक सेन्सर निवडताच येत नव्हता. त्याने मालकांना विचारलं. मालक आतूनच म्हणाले, "रक्कम जुळेल असं काहीतरी टाक." त्याने टाकलं.

सेन्सर बसवला आहे. गाडी पन्हाळ्याला न थांबता जाते. इन्शुरन्सच्या फायलीत मात्र नोंद आहे ती वायपर ब्लेडच्या तीन जोड्यांची, आणि माझे वायपर जुनेच आहेत.